डाव्या बाजूचा पोचा

यवतमाळलगतच्या लोहाऱ्यातल्या आमच्या गल्लीत युनूसभाईंविषयी एक वाक्य बरेच दिवस फिरत होते. युनूसभाईंनी चाळीस वर्षे लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले आणि आता म्हातारपणी ते लोकांच्या केकवर पोचे पाडून राह्यले, असे ते वाक्य. ते प्रथम कोणी उच्चारले याबद्दल एकमत नव्हते. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार श्रेय स्वतःकडे घेत. युनूसभाईंच्या पत्नी बिस्मिल्लाबी मात्र हे वाक्य आपल्या ओट्यावरून चोरीस गेले असे सांगत. वाक्यातला मजकूर खरा होता, एवढे दोघांनाही मान्य होते.

औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर युनूसभाईंचे पत्र्याचे शेड होते. अपघातात चेपलेली गाडी तिथे येई. ते चेपलेला पत्रा आतून ठोकून वर आणीत, उरलेल्या खळग्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरीत, ती वाळली की घासकागदाने घासून रंग मारीत. मग डोळे मिटून त्या जागेवरून बोटे फिरवीत. बोटांना काही लागले नाही तरच गाडी बाहेर जाई. मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे चिखलाखेरीज कोणी पाहणारे नसते, तिथेही ते रंगाचे दोन हात देत. माणसांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत, पोचे राहत. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ते क्षणभर विचारात पडत आणि मग म्हणत, हां, मागचा दरवाजा, बैलाचं शिंग.

अडीच वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी त्यांना रंगाची फवारणी आणि लांबीची धूळ कायमची बंद करायला सांगितले. युनूसभाई घरी बसले. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी घरातल्या सर्व भांड्यांचे पोचे काढले. दुसऱ्या पंधरवड्यात शेजारच्या भांड्यांचे काढले. आमच्याकडच्या साखरेच्या डब्याचे झाकण वीस वर्षे एका कोपऱ्यात दाबूनच लागत असे. त्यांनी ते इतके नेमके बसवले की तेव्हापासून ते उघडत नाही. तिसऱ्या पंधरवड्यात ते कूलरच्या पत्र्याकडे टक लावून बसू लागले, तेव्हा बिस्मिल्लाबींनी त्यांना उठवून मुलीच्या खोलीकडे पाठवले. ती तिकडे काहीतरी मळून राह्यली, ते पाहा, म्हणाल्या.

मुलगी कहकशां. बी.एस्सी. झाल्यावर तिने नागपूरला महिनाभर केकचे शिक्षण घेतले आणि घराच्या मागच्या खोलीत भट्टी व फ्रिज मांडून काम सुरू केले. तिच्या केकची चव गावात कोणी नाकारत नव्हते. अडचण वरच्या सजावटीची होती. केकवरच्या बाहुल्या, गाड्या, प्राणी ज्या साखरेच्या लगद्यातून घडवतात, त्याला फॉन्डंट म्हणतात. कणकेसारखा मळायचा, आकार द्यायचा, पंख्याखाली वाळू द्यायचा. कहकशांने केलेल्या बाहुल्यांच्या माना ग्राहक येईपर्यंत खाली झुकत. युनूसभाईंनी त्या लगद्याची गोळी दोन बोटांत फिरवली आणि ही तर लांबीच आहे, फक्त वास चांगला आहे, असा निर्वाळा दिला. अर्ध्या तासात त्यांनी समोरच्या अंगणातली शेजाऱ्यांची कोंबडी बनवली. ती मान ताठ धरून उभी होती, आणि मांजराने ओढलेले शेपटीचे पीस तिच्याही शेपटीत नव्हते.

कहकशांने त्यांना खोलीत जागा दिली, पण नियमांसह. शेडमधले एकही अवजार आत आणायचे नाही. त्यामुळे स्टीलचे नवे चमचे आणून त्यांचे दांडे घासून त्यांनी अवजारे तयार केली. घासकागद वापरायचा नाही. काहीही उन्हात वाळत घालायचे नाही, कारण पहिला हत्ती त्यांनी अंगणात ठेवला तेव्हा तासाभरात मुंग्यांनी त्याची सोंड नेली होती. आणि फुंकर मारायची नाही. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण ठरला. घासायचे, फुंकायचे आणि पाहायचे, ही हाताची चाळीस वर्षांची सवय. अखेर मुलीने त्यांच्या तोंडावर मास्क बांधला. तेव्हापासून दर दोन मिनिटांनी तो मास्क फुगतो आणि खाली बसतो.

युनूसभाईंचाही एक नियम होता. रबरी साच्यातली फुले-पाने ते हातात धरत नसत. साच्यातले फूल म्हणजे दुकानातला नवा पार्ट, तो कोणाच्या गाडीचा आहे हे कळणार कसे, असे त्यांचे म्हणणे. ज्याचा केक, त्याचे चारही बाजूंनी फोटो पाहिजेत. विम्याच्या कामासाठी गाडीचे असे फोटो काढावे लागत, तीच शिस्त त्यांनी इकडे आणली. वाढदिवसाच्या मुलाची पाठ कशाला हवी, असे आया विचारीत. कहकशां काहीतरी सांगून वेळ मारून नेई.

मात्र फोटोत जे दिसे ते युनूसभाई केकवर आणीत, आणि तिथेच घोटाळा होई. सात वर्षांच्या अर्पिताच्या केकवर अर्पिता परी झाली होती. पंख झकास, मुकुट झकास, आणि समोरचे दोन दात पडलेले. मुलगी आनंदाने नाचली, आईने कहकशांला फोन करून वीस मिनिटे ऐकवले. एका चालकाच्या निवृत्तीला एसटी बस करायची होती. युनूसभाईंनी आगारात जाऊन ती बस पाहिली आणि मागच्या काचेचा तडा, वाकलेला बंपर आणि खिडक्यांखालच्या पानाच्या लाल पिचकाऱ्या जशाच्या तशा उतरवल्या. चालकाने बसला हात जोडले. पाहुण्यांपैकी एकानेही ती बाजू खाल्ली नाही. त्यानंतर आले ते लग्नाच्या वाढदिवसाचे जोडपे. नवऱ्याच्या मागच्या बाजूच्या फोटोत टक्कल होते, म्हणून केकवरही होते. केक परत आला.

त्या दिवशी कहकशांने वडिलांना शांतपणे सांगितले की पुढचा केक ग्राहकाने सांगितला तसाच झाला पाहिजे. तसे झाले नाही तर ती साच्यातल्या फुलांवर काम भागवील, आणि अब्बांनी या खोलीत यायचे नाही. युनूसभाईंनी हात धुतले, बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. गल्लीत आता पोचा असलेले एकही भांडे शिल्लक नव्हते.

पुढची मागणी आली ती घनश्यामकडून. त्याचे वडील मारोतराव पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. मारोतरावांना यवतमाळात न ओळखणारा माणूस विरळा, आणि ओळखणाऱ्याला त्यांचा वाघ ठाऊक नाही असे होत नसे. पस्तीस वर्षांपूर्वी ते झरी जामणीकडच्या जंगलगावांत कृषी खात्याच्या नोकरीत होते. एका संध्याकाळी स्कूटरवरून येताना उजव्या बाजूने वाघाने झेप घेतली, पंजा माणसाऐवजी स्कूटरवर बसला, आणि मारोतरावांनी गाडी न थांबवता घर गाठले, अशी ती हकिगत. जुन्या लोकांच्या सांगण्यानुसार आरंभीच्या वर्षांत वाघ केवळ रस्ता ओलांडत होता. पुढे त्याला पंजा फुटला, नंतर डरकाळी. अलीकडे त्याच्या श्वासाचा वासही येऊ लागला होता. नात्यातल्या कोणत्याही लग्नात जेवणानंतर मारोतरावांना वाघ सांगायची विनंती होई, आणि ते दोनदा नको म्हणून मग सांगत.

घनश्यामला केकवर स्कूटर, स्कूटरवर वडील, शेजारी झेपावणारा वाघ आणि स्कूटरच्या उजव्या बाजूवर नखांचे चार ओरखडे हवे होते. सोबत त्याने स्कूटरचा एक जुना फोटो दिला. कहकशांने तो वडिलांपुढे ठेवला तेव्हा मी त्यांच्याकडे चहा घेत बसलो होतो.

युनूसभाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हे स्कूटर मी केल्ली हाय," ते मला म्हणाले. "पोचा डाव्या बाजूले होता. गोल. त्याच्यात चार नट उमटले होते, अन् हिरवा रंग लागला होता."

कहकशां म्हणाली, "अब्बा, ऑर्डर नखांची आहे. उजव्या बाजूला."

"वाघ उजवीकडून आला म्हन्ते, अन् पोचा डावीकडं पडला," युनूसभाई माझ्याकडेच पाहत म्हणाले. "अन् वाघाच्या पंज्यात नट असतेत काय, सर?"

मी चहा पीत राहिलो. कहकशांने फक्त साच्यांचा डबा फळीवरून उचलून टेबलावर ठेवला. युनूसभाईंनी त्या डब्याकडे पाहिले आणि मास्क बांधला.

वाघाला तीन दिवस लागले. कॅलेंडरवरच्या चित्रावरून तो घडला, आणि तो इतका उमदा होता की बिस्मिल्लाबी रात्री त्या खोलीचे दार लावून घेऊ लागल्या. स्कूटर झाली, तिच्यावर मिशा पिळलेले तरुण मारोतराव बसले. शेवटी ओरखडे राहिले. रंगवून पूर्ण झालेल्या अंगावर मुद्दाम ओरखडा ओढण्याची युनूसभाईंच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. दोनदा त्यांनी हात मागे घेतला. तिसऱ्यांदा चार रेघा ओढल्या आणि ते पाणी प्यायला निघून गेले. कहकशांने समोरून केक पाहिला, फोटो काढला, घनश्यामला पाठवला, आणि बऱ्याच दिवसांनी अब्बांना शाबास म्हणाली.

समारंभाच्या दिवशी केक न्यायला माझी गाडी ठरली होती, कारण उभ्या वाघासह तो रिक्षात मावत नव्हता. मागच्या आसनावर केक सरकवताना मी दुसऱ्या बाजूने दार उघडले, आणि स्कूटरची डावी बाजू मला दिसली. तिथे एक गोल पोचा होता. हाताच्या अंगठ्याएवढा, कडा किंचित आत ओढलेल्या, मधोमध चौकोनात उमटलेले चार नट आणि कडेला हिरव्या रंगाचा बारीक फराटा. मी तो पाहिला. मी पाहिल्याचे युनूसभाईंनी पाहिले.

"मांगची बाजू हाय," ते हळूच म्हणाले. "कोन पाह्यते."

त्यांच्यालेखी हा तडजोडीचा मार्ग असावा. पुढची बाजू मुलीच्या शब्दासाठी, मागची स्वतःसाठी, मडगार्डच्या आतल्या रंगासारखी. कहकशां पुढच्या आसनावर येऊन बसली. मी गाडी सुरू केली. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी मागून युनूसभाई मला पहिला गिअर सांगत होते. दारव्हा रस्त्यावरच्या सभागृहापर्यंतच्या त्या अर्ध्या तासात एका बैलगाडीनेही आम्हाला मागे टाकले.

सभागृहात व्यासपीठाच्या मधोमध केकसाठी एक टेबल सजवले होते. कहकशांने केक त्यावर नेमका ठेवला, वाघ आणि ओरखडे पाहुण्यांकडे, डावी बाजू भिंतीकडे. युनूसभाईंनी समाधानाने खुर्ची घेतली. मारोतराव नव्या झब्ब्यात उभे राहिले, त्यांच्या हाती माइक दिला गेला, आणि त्यांनी प्रथेप्रमाणे दोनदा नको म्हणून वाघाला आरंभ केला. शेजारी त्यांच्या पत्नी विमलताई बसल्या होत्या. पस्तीस वर्षे ऐकलेल्या कथेला जसे बसावे तशा, पदराची गाठ सोडवत. त्याच वेळी घनश्यामने टेबलाखाली हात घालून एक बटन दाबले. टेबलाच्या कडेला रंगीत दिवे लागले, आणि टेबल फिरू लागले.

युनूसभाई उठून उभे राहिले. आता करण्यासारखे काही नव्हते.

वाघाने झेप घेतली तेव्हा वाघ प्रेक्षकांसमोरून सरकत होता. पंजा स्कूटरवर बसला तेव्हा मागचे चाक समोर आले. आणि "अन् मी पाह्यलं तर काय" या नेहमीच्या वाक्याला मारोतरावांनी केककडे बोट केले, तेव्हा बोटासमोर डावी बाजू होती. मारोतराव थांबले. त्यांचे बोट टेबलासोबत थोडे पुढे गेले आणि खाली आले. त्या कथेत या जागी थांबण्याची सोय कधीच नव्हती, त्यामुळे सभागृह आपसूकच शांत झाले.

घनश्याम पुढे झाला. त्याने टेबल थांबवले, पोच्यावर नजर टाकली आणि कहकशांला विचारले की रस्त्यात केक आपटला काय.  तिने एकदा त्या चार नटांकडे पाहिले आणि एकदा वडिलांकडे.

ती वेळ निभावून नेणे अगदी सोपे होते. यवतमाळचे गतिरोधक कोणत्याही आरोपाला पुरेसे आहेत. मी पुढे सरून तसे सांगायला तोंड उघडलेही होते, तोच युनूसभाईंनी माझा दंड धरला.

"सरांनी गाडी बराबर चालवली," ते म्हणाले. "पोचा मी केला. तो असाच होता."

 कहकशांकडे त्यांनी पाहिले नाही. केक उतरवून झाल्यावर शेजारच्या खुर्चीवर काढून ठेवलेला मास्क मात्र त्यांनी उचलून, नीट घडी करून खिशात ठेवला. निरोपाची तयारी करावी तसा.

तेवढ्यात विमलताई उठल्या. त्यांनी चष्मा लावला, टेबलाशी वाकल्या आणि बोटाने एकेक नट मोजला. "चारही आहेत बापा," त्या म्हणाल्या. हे वाक्य सबंध सभागृहाने ऐकले, कारण मारोतरावांच्या हातातला माइक चालूच होता आणि हे त्या दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

"राहू दे ना आता, विमल," मारोतराव म्हणाले. तेही सर्वांनी ऐकले.

"पस्तीस वर्षं राहू देल्लं," विमलताई म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. "वाघ-बिघ काही नव्हता. मी होती."

मग ती हकिगत बाहेर आली. मारोतराव दुपारचे झोपले असताना विमलताईंनी स्कूटर बाहेर काढली होती. चालवता येते असे त्यांना वाटत होते, आणि गावच्या हातपंपापर्यंत तसे वाटण्यात चूकही नव्हती. हातपंपाला वळसा घालताना स्कूटर कलली आणि डाव्या बाजूने हिरव्या पंपाच्या नटांच्या चकतीवर जाऊन बसली. पाण्याला आलेल्या बाया हंडे टाकून पळाल्या, पण सासूबाईंपाशी त्यांतल्या एकीनेही कधी तोंड उघडले नाही. सासूबाई वावरातून संध्याकाळी परत येणार होत्या, आणि सुनेने स्कूटरला हात लावायचा नाही अशी त्यांची ताकीद होती. संध्याकाळच्या तोंडावर मारोतरावांना उठवले तेव्हा त्यांच्यापाशी विचार करायला पंधरा मिनिटे होती. त्यात त्यांना वाघ सुचला. सासूबाईंनी तो तत्काळ खरा मानला, मुलाची दृष्ट काढली आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या चारही वेशींवर नारळ फोडले. नारळ फुटल्यावर वाघ मागे घेणे शक्य नव्हते. महिन्याच्या बैठकीला यवतमाळला आल्यावर मारोतरावांनी स्कूटर लोहाऱ्याच्या शेडमध्ये दिली, पोचा निघाला, आणि पुरावा नाहीसा झाला असे दोघेही धरून चालले.

सभागृह इतके हसले की मंडपवाल्याची माणसे आत डोकावली. मारोतराव आरंभी हसले नाहीत. मग विमलताईंनी त्यांच्या हातातला माइक काढून घेऊन बंद केला, तेव्हा त्यांनाही हसू आवरेना. पाहुणे डाव्या बाजूपाशी उभे राहून फोटो काढू लागले. वाघाचे डोके सर्वांत लहान नातवाने खाल्ले आणि त्याबद्दल कोणी त्याला रागावले नाही. पोच्याचा तुकडा विमलताईंनी स्वतः कापून डब्यात भरून घेतला.

परतताना गाडीत कहकशां पुढच्या आसनावरून मागे वळली. मग तिने वडिलांना एकच विचारले, मला आधी दाखवले का नाही. दाखवले असते तर तू बुजवायला सांगितले असते, असे युनूसभाई म्हणाले. तिने ते नाकारले नाही. घर जवळ आल्यावर ती म्हणाली की यापुढे प्रत्येक केक ती चारही बाजूंनी तपासणार, एकही बाजू भिंतीकडे राहणार नाही. युनूसभाईंनी खिशातला मास्क काढला, घडी उलगडली आणि पुन्हा घडी घालून ठेवला. घरी बिस्मिल्लाबींनी सर्व ऐकून घेतले आणि केकखालची पाटी परत आणली की नाही, तेवढे विचारले.

दोन महिन्यांनी घनश्यामने आईच्या सत्तरीसाठी केक सांगितला. स्कूटर, हातपंप, पळणाऱ्या बाया आणि हँडल धरलेल्या विमलताई. या खेपेस चार बाजूंचे फोटो त्याने स्वतःहून पाठवले. हातपंपाचे काढायला तो झरी जामणीकडे जाऊन आला. आठवडाभराने मारोतराव एकटेच लोहाऱ्याला आले. कहकशां आत जाईपर्यंत त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात सांगितले की आता लग्नांत त्यांना कोणी बोलायला सांगत नाही, सगळे विमलला हापशी सांगायला लावतात. तेव्हा हातपंपाच्या मागे, दूर, झुडपात, एक लहानसा वाघ ठेवता येईल काय. पूर्ण नको. नुसती शेपटी चालेल.

युनूसभाई हातपंपाचा दांडा घडवत होते. त्यांचा मास्क एकदा फुगला आणि खाली बसला. मान वर न करता ते म्हणाले, "एक वाघ केला मारोतराव, पोरीच्या शब्दासाठी. दुसरा पायजे असन, तर त्या दिवसाचा फोटो आना. चारही बाजूंचा."